ओसरी, व्हरांडा आणि पूर्णेचे बंगले

ललित गद्याच्या तासाला विद्यार्थ्यांकडून काहीतरी लिहून घ्यावे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे एक ठरलेला विषय देत आलो : ‘आठवणीतील ओसरी’. पूर्णेच्या एका विद्यार्थिनीने त्यावर जेमतेम चार ओळी लिहिल्या. आमच्या घराला ओसरी नव्हती; आजोबा रेल्वेत गँगमन होते; साहेबाच्या बंगल्याला चारही बाजूंनी ओसरी होती आणि आजोबांना तिच्या पायऱ्या तेवढ्या ठाऊक होत्या. ‘विषयाचा विस्तार नाही’ असा शेरा मारून आम्ही तिला कमी गुण दिले. ती चूक होती. त्या चार ओळींमुळे आम्हांस जो विचार करावा लागला, तो येथे मांडत आहोत.

मराठी वाचकाच्या मनात घर म्हटले की वाडा उभा राहतो, फार तर चाळ किंवा झोपडी. पूर्णा हे मात्र जंक्शनचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटर गेज मार्ग 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून टाकला गेला, पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि रुळांबरोबर एक निराळेच घर मराठवाड्यात आले. उंच जोते, उंच छत, उतरते कौलारू छप्पर आणि ते छप्पर भिंतीच्या पुढे ओढून लाकडी खांबांवर तोललेला व्हरांडा. मोठ्या साहेबाचा बंगला असेल, तर तो घराभोवती फिरलेला. भिंतीवर ऊन पडू द्यायचे नाही आणि पावसातही दारे उघडी ठेवता यावीत, हे त्याचे साधे गणित.

आपले माळवदाचे घर हेच ऊन दुसऱ्या रीतीने अडवते : मातीचे जाड छत, जाड भिंती, लहान झरोके. त्यातली ओसरी आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेली असते. परक्याला ढाळजेतच थांबवले जाते. बंगल्याचा व्हरांडा मात्र पाठ घराकडे आणि तोंड जगाकडे करून उभा. दोन्हींना ‘ओसरी’ म्हणून आपण मोकळे होतो, पण या दोन जागांचा स्वभाव एक नव्हे.

या व्हरांड्याचे भाऊबंद दूर अमेरिकेतही आहेत. तेथे 1830 च्या दशकात शिकागोकडे बारीक फळ्या-खिळ्यांचा हलका सांगाडा उभारून घरे बांधण्याची पद्धत रुळली. 1850 मध्ये अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी ग्रामीण घरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात व्हरांड्याचा आग्रह आहे, आणि शब्दही तोच आहे. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला ‘बंगला’ विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मध्यमवर्गाचे घर झाला. तिकडचे लोक पोर्चविषयी आपल्या ओसरीइतकेच हळवे आहेत : खुर्ची, शेजारी, रस्त्यावरून जाणाऱ्याला केलेला नमस्कार. परंतु दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या घरांनाही प्रशस्त व्हरांडे होते, आणि ज्या गुलामांच्या श्रमावर ते घर चालत असे त्यांना तेथे बसण्याचा अधिकार नव्हता. सावली होती, ती सर्वांसाठी नव्हती.

पूर्णेलाही हेच लागू आहे. रेल्वेत कोणाला कोणते क्वार्टर हे हुद्द्यावरून ठरते. वसाहतीचा नकाशा म्हणजे पगारपत्रकच. व्हरांडा सर्वांना दिसावा, पण त्यावर चढण्याची पायरी प्रत्येकाची वेगळी. अर्जदार खाली, शिपाई स्टुलावर, साहेब वेताच्या खुर्चीत. मराठवाड्यात या उतरंडीला जातीची उतरंड सहज येऊन मिळाली असणार, हे आम्ही निराळे सांगायला नको. (तरीही सांगावे लागते, वर्गात अजून ‘मोकळी ओसरी, मोकळी मने’ असली वाक्ये लिहिली जातात, आणि त्याला आमच्यासारखे शिक्षक जबाबदार आहेत.)

आता मीटर गेज गेले. 2003 मध्ये नांदेड विभाग झाला, 2008 मध्ये अकोल्याकडचा मार्गही ब्रॉडगेज झाला. वाफेच्या इंजिनांच्या काळातली जुनी घरे वापरातून जातात, कौले खाली येतात, सागवान विकले जाते. वारसा म्हणून वाड्यांसाठी हळहळणारे आपण या घरांबद्दल गप्प असतो, कारण ती ‘आपली’ नाहीत असे वाटते. साहेब गेला, बरे झाले, असेही म्हणता येईल. आमचे मत उलट आहे. अशा वसाहतींतला एखादा तरी बंगला पायऱ्यांसकट राखावा. व्हरांडा राखून पायऱ्या बुजवल्या, रंग देऊन त्याचे विश्रामगृह केले, तर उरेल ते छायाचित्रापुरतेच.

बंगला राखणे आमच्या हातात नाही. विद्यार्थ्यांना वही-टेप घेऊन पाठवणे आहे. खांब किती, छपराचा उतार किती, हे मोजता येते. पुढच्या दाराने कोण येई, मागच्या दाराने कोण, पाण्याचा माठ कोठे असे आणि त्याला हात कोण लावी, हे मात्र विचारावेच लागते. ते सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या विद्यार्थिनीचे आजोबा त्यांत नाहीत. ती लिहीत होती तेव्हाच ते वारले होते, आणि आम्ही तिला विस्तार कर म्हणत होतो.