दाढ कोणत्या राज्याची?

या आठवड्यात भालकीकडच्या एका वाचकाचा फोन आला. शेजारच्या बाईंची दाढ कित्येक दिवस ठणकत होती. लवंग झाली, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या, गालाला शेकही झाला. मग जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळेना. तेव्हा रात्री गाडी करून बिदर गाठलं. गळ्याला चीर देऊन पू काढला. बाई वाचल्या. वाचकाचा प्रश्न एवढाच : ‘‘हे योजनेत बसतं का हो?’’

कोणत्या योजनेत, ते त्याने सांगितलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सांगावंही लागत नाही. २०२३ साली महाराष्ट्राने आपली जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या आपल्या ८६५ सीमागावांना लागू केली, ५४ कोटी काढले. तेव्हा कर्नाटकाचे त्या वेळचे मुख्यमंत्री बोम्मई खवळले होते. कर्नाटकाने त्याआधीच, २०१४ पासून, ‘दंतभाग्य’ आणलं होतं : गरीब म्हाताऱ्यांना फुकट कवळी. आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकाची योजना दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरची, दुसऱ्याची तोंडाचं बोळकं झाल्यावरची. दाढ किडल्यापासून गळा सुजेपर्यंतच्या दिवसांवर मात्र कोणाचाच दावा नाही. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालापासून दोन्ही राज्यांत गावागावाची ओढाताण चालली आहे. ही दाढ तेवढी दोघांनी बिनतक्रार सोडून दिली! पाटी कन्नड की मराठी यावर जेवढं तोंड वाजवलं, तेवढं गावकऱ्यांचं तोंड तपासलं असतं, तर निम्मी दुखणी इथेच मिटली असती, असं मला आपलं वाटतं.

दाढेवरून गळा सुजण्याचं हे दुखणं नवं नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं खोल जातात. तिथला पू जिभेखाली आणि गळ्यात पसरतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली ते लिहून ठेवलं. वरच्या दातांचा पू डोळ्याकडे, क्वचित मेंदूपर्यंतही जातो. अमेरिकेत मेरीलँडमध्ये २००७ साली १२ वर्षांचा मुलगा असाच गेला. दात काढायला ८० डॉलर लागले असते. इस्पितळाचा खर्च अडीच लाख डॉलरांवर गेला. श्रीमंत देशालाही हा हिशेब जमला नाही, म्हणून आपण तो मांडायचाच नाही का?

हुमनाबाद, बिदर, कलबुर्गी, तिन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. त्यांच्या दात तपासणीच्या गाड्या बाजाराच्या दिवशी औरादला, आळंदला उभ्या करा. त्याला ना आयोग लागतो, ना सुप्रीम कोर्ट.

तोवर वाचकहो, नुसत्या गोळ्यांवर दाढ रेटू नका, सुजलेला गाल शेकू नका. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका. जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, थुंकी गिळता न येणं, डोळा झाकत जाणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा. तो सीमेच्या अलीकडे की पलीकडे, ते नंतर बघू.

– सीमावासी