टिपणी लिहिणाऱ्याच्या पाठीशी कोण?

स्थानिक स्वराज्य संस्थांतील भ्रष्टाचार प्रथम कागदावर जन्माला येतो. न खोदलेले गटार मोजमाप पुस्तकात खोदले जाते, कामावर न आलेल्या मजुराचे नाव हजेरीपटावर चढते आणि माल पोचण्यापूर्वीच पुरवठादाराचे देयक मंजूर होते. त्यामुळे या लबाडीची पहिली खबर वर्तमानपत्राला किंवा विरोधी पक्षाला लागत नाही. ती लागते त्याच कचेरीतील कनिष्ठ लिपिकाला, शाखा अभियंत्याला, नाही तर ग्रामसेवकाला. ती लागल्यावर त्याने काय करावे, आणि त्याने आपले कर्तव्य केले तर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, हा लोकशाही समाजवाद्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न नव्हे.

दापोली तालुक्यात तर हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. मुरूड, कर्दे, लाडघर येथील किनाऱ्यांवरच्या जमिनींना पर्यटनामुळे भाव आला, त्याबरोबर जमिनीविषयीच्या प्रत्येक दाखल्यालाही भाव आला. मुरूडच्या रिसॉर्ट प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने दापोलीच्या माजी प्रांताधिकाऱ्यांना अटक केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. दोषी कोण हे न्यायालयानेच ठरवावयाचे आहे. परंतु बिनशेती परवानगीसारखा कागद एकट्या माणसाच्या टेबलावर जन्मत नाही व तेथेच संपत नाही, एवढे सरकारी कचेरी पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा छोट्या बागायतदाराची भरपाई पंचनाम्यातील चार ओळींवर अवलंबून होती. खरी ओळ लिहिणारा हात निर्धास्त नसेल, तर त्याची किंमत अखेर गरिबालाच मोजावी लागते.

कायदा या हाताला काय देतो? जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. ते सचोटीची अपेक्षा करतात आणि त्याच वेळी कचेरीतील माहिती परवानगीवाचून बाहेर देण्यास मज्जाव करतात. म्हणजे तक्रार वरिष्ठाकडे करावयाची. वरिष्ठच भागीदार असेल तर मात्र नियम मौन पाळतात. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने अशा तक्रारदारांसाठी ठराव केला; पण केंद्रीय दक्षता आयोगाचे हात दापोलीच्या पंचायत समितीपर्यंत पोचत नाहीत. राज्यांतील कर्मचाऱ्यांनाही संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, आणि तो अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र दशक उलटूनही निघाली नाही. सत्तेवर आलेल्यांना हा कायदा पुस्तकात हवा आहे, कचेरीत नको आहे, हाच याचा अर्थ.

महाराष्ट्राचा अनुभवही निराळा नाही. १९८२ मध्ये धुळ्याचे जिल्हाधिकारी अरुण भाटिया यांनी रोजगार हमीच्या कामांतील गैरव्यवहार उघड केले आणि त्यांची बदली झाली. मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी सत्ताधाऱ्यांवर उघड आरोप केले व १९९४ मध्ये ते निलंबित झाले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील अनागोंदीविषयी थेट राज्यपाल व मुख्यमंत्र्यांना लिहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तर २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. ही सारी अधिकारपदावरची माणसे होती; त्यांची नावे तरी लोकांना कळली. तालुक्याच्या लिपिकाची आडगावी बदली होते, दप्तर तपासणीचा ससेमिरा लागतो, वेतनवाढ अडते; त्याची बातमीही होत नाही.

येथे कर्मचारी संघटनांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मार्च २०२३ मध्येच जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी व जिल्हा परिषद कर्मचारी सात दिवस संपावर गेले. मागणी न्याय्य होती आणि एकजूटही कौतुकास्पद होती. तीच एकजूट खरी टिपणी लिहिल्याबद्दल छळ सोसणाऱ्या एका लिपिकासाठी दिसते काय? लाच घेताना पकडलेल्या सभासदाची बाजू सावरायची आणि प्रामाणिक सभासदाला ‘तुला कोणी सांगितले होते?’ असे सुनवायचे, ही श्रमिकांची एकजूट नव्हे. ती लुटीतली भागीदारी होय.

मार्ग अवघड आहे, पण अज्ञात नाही. कर्मचाऱ्याने निनावी पत्रांच्या किंवा कुजबुजीच्या वाटेस न जाता आपली हरकत मूळ नस्तीवर, दिनांक व आधार देऊन लिहावी. ते नियमभंगाचे कृत्य नसून त्याचे कामच आहे. द्वेषातून केलेल्या खोट्या तक्रारींची भीती दाखवली जाते. पुराव्यानिशी लिहिलेली टिपणी हेच त्या भीतीला उत्तर आहे. पुढचे काम नागरिकाचे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नस्तीवरील टिपण्या पाहण्याचा हक्क त्याला दिला आहे. कार्यकर्त्याने ती नस्ती मागावी, मोजमाप पुस्तक घेऊन प्रत्यक्ष गटारापाशी जावे आणि ग्रामसभेत हिशेब मागावा. कर्मचाऱ्याने लिहावे, नागरिकाने मागावे, संघटनेने राखावे. या तिन्हीपैकी एक कडी तुटली की लिहिणारा एकटा पडतो.

आणखी एक पथ्य कार्यकर्त्यांनी स्वतःला घालून घ्यावे. कचेरीतील माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पत्रकात छापून टाळ्या मिळवणे सोपे असते. त्याची किंमत मात्र तो माणूस मोजतो. त्याचे नाव राखणे, बदलीचा आदेश आला तर त्याच्यासोबत जिल्हा परिषदेच्या दारात उभे राहणे, चौकशीत त्याला कायदेशीर मदत मिळवून देणे, हे निवडणुकीत मते न देणारे परंतु पक्षाची पत ठरवणारे काम आहे.

पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव याच दापोली तालुक्यात आहे. तेथे जाऊन प्रतिमेला हार घालणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. त्याच तालुक्याच्या कचेरीत भीत भीत खरे लिहिणाऱ्या लिपिकाला ‘लिही, आम्ही आहोत’ असे सांगणारे किती निघतात, यावरच गुरुजींचा वारसा सांगण्याचा हक्क ठरणार आहे.