गुन्हा ओळखायला कोण शिकवणार?

अकरावी-बारावीच्या वर्गात गुन्हेगारीशास्त्र शिकवावे, असे म्हणताच सुजाण पालकांच्याही कपाळाला आठी पडते. "कोवळ्या मुलांच्या डोक्यात खून-दरोडे कशाला भरवायचे?" हा त्यांचा पहिला प्रश्न, "त्यातून नोकरी कोणती मिळणार?" हा दुसरा. पहिला प्रश्न विचारणाऱ्या घरांत रात्री दूरचित्रवाणीवर खुनाच्या मालिका सहकुटुंब पाहिल्या जातात, हे तूर्त सोडून देऊ. खरी अडचण निराळीच आहे. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे चोर पकडण्याची विद्या, असा आपला समज आहे. वस्तुतः गुन्हा कशातून जन्मतो, समाज कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणतो आणि कोणत्या कृत्याकडे काणाडोळा करतो, याचा विचार म्हणजे हे शास्त्र.

महाड-पोलादपूरच्या मुलांना त्याचे धडे दूर शोधावे लागणार नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरीही ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. एरवी सरळमार्गी असणारी माणसे जमावात मिसळताच हात कसे उगारतात? कायद्याने दिलेला हक्क बजावणाराच रूढीच्या दृष्टीने अपराधी कसा ठरतो? मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

दुसरा धडा आपल्या डोळ्यांदेखत घडला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधील 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. तेथे कोणी सुरा उगारला नव्हता. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु निकृष्ट बांधकाम आणि बेफिकीर सही यांनीही माणसे मरतात, हे मुलांना कोण सांगणार? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्येच पांढरपेशा गुन्हेगारीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आपण मात्र अजूनही गुन्हेगार फाटक्या कपड्यांतच शोधतो. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिला संशय पालांवरच जातो.

नोकरीची चिंता करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. असे तज्ज्ञ कोठून येणार? वेल्सच्या परीक्षा मंडळाने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी हा विषय आखला आणि त्यात गुन्ह्याच्या सिद्धांतांपासून शिक्षेच्या हेतूंपर्यंत सारे घातले. तेथील मुले त्यामुळे बिघडल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्रात या वयाची मुले समाजशास्त्र आणि मानसशास्त्र शिकतातच. त्यांच्या शेजारी या विषयाला बाक मिळू नये, याला कारण आपला संकोच. तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत ही मागणी ठामपणे मांडा. दोन वर्षांनी हीच मुले मतदार होतील, पुढे कंत्राटदार होतील, कागदांवर सह्या करतील. गुन्हा ओळखण्याची दृष्टी त्यांना त्याआधीच मिळायला हवी.