बालकाचे वजन आणि औषधाचा चमचा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा देशभर चर्चा झाली ती औषधांच्या शुद्धतेची. ती आवश्यकच होती. परंतु शुद्ध औषधही चुकीच्या मात्रेत घातक ठरते, या गोष्टीचा विचार त्या चर्चेत फारसा झाला नाही.

तापावर घरोघरी दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्यावे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून सहज मिळते. बालकाच्या दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत, असा त्याचा दंडक आहे. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर १५० मिलिग्रॅम. इथवर हिशेब सोपा आहे. अडचण पुढेच आहे. आपल्या बाजारात हे औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, अशा निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. तीच १५० मिलिग्रॅमची मात्रा पहिल्या बाटलीतून ६, दुसरीतून ३ आणि तिसरीतून अवघी दीड मिलिलिटर भरते. तान्ह्यांसाठीचे थेंब सौम्य असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तेच सर्वांत तीव्र असतात. पहिल्या बाटलीचे माप थेंबांच्या बाटलीतून दिले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. अशी चूक पुनःपुन्हा घडल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते, आणि तिची लक्षणे पहिल्या दिवशी बहुधा दिसतही नाहीत. शिवाय सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतेच.

हा पालकांच्या अज्ञानाचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. ते अर्धसत्य आहे. विक्रेत्याजवळ माहिती आणि ग्राहकाजवळ केवळ विश्वास, अशी स्थिती जेथे असते तेथे बाजार आपोआप सुधारत नाही. तेथे नियमन करावे लागते. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली शासन पॅरासिटामॉलची कमाल किंमत ठरवते. जे शासन किंमत ठरवू शकते, त्याला तीव्रता ठरविणे अशक्य का असावे? अमेरिकेतील उत्पादकांनी २०११ साली तान्ह्यांसाठीचे तीव्र थेंब बंद करून ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम ही एकच तीव्रता ठेवण्याचे जाहीर केले होते.

आपल्याकडेही मुलांसाठी एकच तीव्रता, वेष्टनावर मराठीत व अन्य प्रादेशिक भाषांत वजनानुसार मिलिलिटरचा तक्ता आणि प्रत्येक बाटलीसोबत खुणांचे माप, एवढे सक्तीचे करावे. यास येणारा खर्च नगण्य आहे. वजनाची नोंद तर अंगणवाडीतून १९७५ पासूनच्या बालविकास योजनेखाली होतच असते. ती औषधाच्या दुकानापर्यंत पोचत नाही, एवढेच.

तोवर मुलाचे ताजे वजन ठाऊक असणे, बाटलीवरील मिलिग्रॅम वाचणे, स्वयंपाकघरातील चमचा मापाला न वापरणे आणि तीन महिन्यांखालील बाळाला ताप येताच डॉक्टर गाठणे, ही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मात्र पालकांच्या सावधगिरीवर सारा भार टाकून शासनाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.