चल गं, काही होत नाही!

मे महिना लागला की अवंतिका एक्स्प्रेस माहेरवाशिणींनी भरून येते. इंदूरहून निघालेली ही गाडी सकाळी बोरिवलीला थांबते तेव्हा फलाटावर आजोबा, मामा, भाचरं यांची गर्दी असते. त्या गर्दीत दर वर्षी एक बाई हमखास दिसते. ती कुणाची आई नाही, मामी नाही. ती मैत्रीण आहे. शाळेत एका बाकावर बसलेल्या या दोघींपैकी एक लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिकडच्या शाळेत शिकवू लागली. दुसरी बोरिवलीतच राहून बँकेत चिकटली. नावं हवीत कशाला? एक इंदूरकर, एक बोरिवलीकर. पन्नाशी दोघींनीही ओलांडली आहे.

दर वर्षीचा कार्यक्रम ठरलेला. लिंकिंग रोडची खरेदी, एखादं नाटक आणि एक संध्याकाळ गोराईच्या खाडीवर. पण २०२३ च्या मेमध्ये बोरिवलीकर बाईंनी फर्मान काढलं, “या वर्षी नवरे नाहीत, मुलं नाहीत. आपण दोघीच इमॅजिकाला जाऊ.”

या हट्टामागे एक जुनी गोष्ट होती. १९९४ साली, कॉलेज संपता संपता, या दोघी घरातून पैसे मागून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेल्या होत्या. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे उद्यान म्हणजे तेव्हाच्या मुंबईकर मुलांचा स्वर्ग. एकदा तिकीट काढलं की दिवसभर वाट्टेल त्या पाळण्यात बसा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. जत्रेत पाळणावाल्याला दर फेरीचे पैसे मोजणाऱ्या पिढीला ते खरंच वाटेना. शिवाय जायचं बोटीतून! बोरिवलीच्या किंवा मार्वेच्या धक्क्यावरून बोट सुटली की अर्धी गंमत तिथेच वसूल व्हायची. दूरदर्शनवरच्या त्या जाहिरातीचं गाणं आजही चाळिशी-पन्नाशीतल्या कुणालाही अर्ध्या झोपेत म्हणता येईल. ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. खाडीपलीकडे २००९ साली उभा राहिलेला विपश्यना पगोडा तेवढा बोरिवलीच्या बाजूनं चमकताना दिसतो. आरडाओरड्याच्या शेजारी मौनाचं ठिकाण, असा हा योग काही वर्षं गोराईनं पाहिला.

तर एस्सेलवर्ल्ड नाही, मग इमॅजिका. खोपोली-पाली रस्त्यावरचं हे उद्यान २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. अ‍ॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे त्याची सूत्रं गेली. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं, हा त्याचा मोठा फायदा. तिकिटाचा दर वार पाहून बदलतो. शनिवार-रविवार महाग, मधले वार स्वस्त. बँकेतल्या बाईनं अर्थातच बुधवार धरला आणि तिकिटं आधीच काढून ठेवली.

पहाटे साडेपाचला भाड्याची गाडी निघाली. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक. अष्टविनायकांपैकी हा एक आणि याच रस्त्यानं पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. उद्यान उघडायला वेळ असल्यानं दोघींनी आधी महडला दर्शन घेतलं. इंदूरकर बाईंच्या सासूबाईंना फोनवरून एवढीच बातमी कळवण्यात आली. पुढचा कार्यक्रम सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

दारावर पहिला धक्का बसला. इंदूरहून खास आणलेली शेव आणि बेसनाचे लाडू यांचा डबा बाहेरच राहिला. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही. हा नियम बहुतेक सगळ्या मोठ्या उद्यानांत असतो आणि मराठी कुटुंबांचा त्यावरचा राग कधीच शमत नाही. दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतल्याशिवाय ज्यांची सहल सुरूच होत नाही, त्यांना आतल्या उपाहारगृहाचं दरपत्रक वाचताना घाम फुटतो. डबा गाडीत, चालकाच्या हवाली झाला. “त्याला म्हणावं, लाडू खा, पण शेव ठेव,” इंदूरकर बाईंनी बजावलं.

आत शिरल्यावर मात्र राग विरला. मेमधलं खोपोली म्हणजे घाटाखालची दमट उष्णता. अकरा वाजता फरशी तापते, बारापर्यंत चपलेतून चटके बसतात. अशा वेळी बंद, थंड जागेतले खेळ आधी गाठावेत असं कुणालाही वाटेल. पण हे गणित चुकीचं असतं. सकाळचा पहिला तास हा उघड्यावरच्या, सगळ्यात लांब रांगेच्या खेळाचा. ऊन चढलं की मग आत शिरावं. या दोघींनी नेमकं उलटं केलं आणि पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

आधी ‘आय फॉर इंडिया’. पाय अधांतरी लोंबत आहेत, समोर प्रचंड पडदा आणि त्यावर हेलिकॉप्टरमधून टिपलेला देश खालून सरकतोय, असा हा खेळ. तो मात्र दोघींना मनापासून आवडला. आरडाओरडा नाही, धक्के नाहीत. सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हा चुकवू नये. त्यानंतर ‘मिस्टर इंडिया’. १९८७ च्या चित्रपटावर बेतलेला हा खेळ जागच्या जागी हलणाऱ्या खुर्च्यांचा आहे. डोळ्यांना वाटतं आपण गल्लीबोळांतून उडतोय, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला तेवढा वेग कुठेच जाणवत नाही. या दोघांचं भांडण जुंपलं की मळमळतं. गाडी लागणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. इंदूरकर बाई बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. “काही नाही गं, सकाळी चहा नाही झाला नीट,” त्या म्हणाल्या.

‘राजासॉरस’ची गंमत वेगळी. होडीतून जायचं, डायनोसॉर चुकवायचे आणि शेवटी धबधब्यासारखं खाली कोसळून चिंब व्हायचं. मुलांना वाटतं, हे नाव उद्यानवाल्यांनी बनवलंय. तसं नाही. राजासॉरस खराखुरा होता. त्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, गुजरातेत रहिओलीला आणि मध्य प्रदेशात जबलपूरला. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं ते ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं. ही माहिती शाळेत शिकवणाऱ्या इंदूरकर बाईंनीच पुरवली. वर म्हणाल्या, “आमच्या इंदूरच्या नळाला नर्मदेचंच पाणी येतं. म्हणजे हा आमचा गाववालाच!” होडीतली मागची पोरं यावर इतकी हसली की कोसळताना किंचाळायचं विसरली.

इथपर्यंत दिवस झकास होता. कोरडे कपडे आणले होते, ते बदलून झाले. आणि मग बोरिवलीकर बाईंनी ‘नायट्रो’कडे बोट दाखवलं.

नायट्रो म्हणजे या उद्यानाचं भूषण. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीनं बनवलेला रोलर कोस्टर. उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, वाटेत पाच वेळा डोकं खाली पाय वर. पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय हवेत लोंबतात. एवढ्या वेगासाठी इंजिन केवढं लागत असेल असं खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात मोटर लागते ती साखळीनं गाडी वर चढवण्यापुरती. शिखरावर पोचली की साखळी सुटते आणि पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. म्हणून पहिला चढ हाच नेहमी सर्वांत उंच असतो. नंतरच्या प्रत्येक वळणाला गाडी तीच शिल्लक खर्च करत जाते. हे ऐकून बँकेतल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पेन्शनरांसारखंच की!”

सकाळी दहा मिनिटांत संपली असती ती रांग आता पाऊण तासाची झाली होती. रांगेच्या तोंडाशी पाटी. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असल्यास बसू नये. अशा पाट्या आपण वाचतो कुठे? ‘धूम्रपान करू नये’ या पाटीखाली बिडी ओढणारा देश आपला. पण इंदूरकर बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि ती पाटी दोनदा वाचली.

“काय वाचतेस? चल गं, काही होत नाही!”

हे वाक्य आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं. लग्नात आग्रह करताना, धबधब्याखाली, समुद्रात दोन पावलं पुढे जाताना. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. ऐकणाऱ्याला मात्र ‘नाही’ म्हणणं जड जातं, कारण मग आपण सहलीचा विचका करणारे ठरतो. नवऱ्याला नाही म्हणता येतं, मुलांना डोळे वटारता येतात. मैत्रिणीला नाही म्हणणं फार अवघड. वर्षाचा एक दिवस, तिनं काढलेली तिकिटं, तिची हौस.

पाऊण तास दोघी रांगेत सरकत राहिल्या. पंधरा-वीस माणसं उरली तेव्हा इंदूरकर बाई हळूच म्हणाल्या, “मी नाही बसत. मला बीपीची गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीपासून.”

बोरिवलीकर बाई चिडल्याच. “हे आत्ता सांगतेस? पाऊण तास उभं राहून?” मग थोडं थांबून, “आणि दिवाळीपासून? आपण दर रविवारी फोनवर बोलतो!”

खरा सल इथे होता. रांगेतला वेळ गेला त्याचं काही नव्हतं. माहेरी कळलं तर आई काळजी करेल म्हणून इंदूरकर बाईंनी ही गोष्ट इकडे कुणालाच सांगितली नव्हती आणि मैत्रीणही त्या ‘कुणाला’मध्ये मोडली. तिला झोंबलं ते हेच.

त्या बसल्या नाहीत हे उत्तम केलं. गाडी कोसळताना हृदयाचे ठोके एकदम वाढतात, रक्तदाब उसळी घेतो. धडधाकट माणसाला यातच मजा वाटते. दाबाचा त्रास असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, रांगेत मैत्रिणीला नव्हे. शिवाय विशीत जो पाळणा तीनदा झेपतो तो पन्नाशीत एकदाही सोसेलच असं नाही, कारण वयाबरोबर तोल सावरणारी यंत्रणाही मंदावते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फसलं ते वेळापत्रक. हे बोलणं बोरिवली स्टेशनवर, फार तर महडच्या देवळाच्या पायरीवर व्हायला हवं होतं. मग एकीनं सकाळी दहालाच नायट्रो उरकला असता आणि दुसरीनं तोवर चहा घेतला असता.

बोरिवलीकर बाई एकट्याच बसल्या. त्यांचा चष्मा, पर्स, मोबाइल आणि सुटे पैसे घेऊन इंदूरकर बाई कठड्याशी उभ्या राहिल्या. गाडी वर चढली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि सुटली. इतक्या किंकाळ्यांत मैत्रिणीची कोणती ते कळेना. एवढा सगळा प्रकार पाहता पाहता आटोपला. खाली आलेल्या बाईंचे केस उभे, चेहरा पांढरा आणि गुडघे लटपटत होते.

“पाणी,” त्या म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “एस्सेलवर्ल्डला तू रडली होतीस ना, म्हणून मी तुझा हात धरला होता. आज कुणी नव्हतं धरायला.”

“मी रडले होते? तू रडत होतीस! हात मी धरला होता तुझा!”

यावर पुढची वीस मिनिटं वाद झाला. साक्षीदार कुणी नाही, फोटो नाही. १९९४ मध्ये दोघींकडे कॅमेरा नव्हता. अबोला मात्र त्या वादात कुठल्या कुठे विरघळला.

दुपारनंतर मग त्यांनी शहाण्यासारखं केलं. ‘सलीमगढ’च्या भुताटकीत शिरल्या. भूत कमी आणि थंडावा जास्त, पण मेमध्ये त्याचंच मोल. लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर दोनदा बसल्या. शेजारच्या घोड्यावरच्या चार वर्षांच्या मुलीनं “आजी, तुम्ही पण?” असं विचारलं, तेव्हा कुणाला उद्देशून विचारलं यावरून पुन्हा एकदा जुंपली.

दिवसाचा हिशेब काढायचा तर पैसे फिटले का? नायट्रो, वेगवान अंधाऱ्या गाड्या आणि उंचावरून टाकणारे मनोरे यांच्यासाठीच तिकिटाची निम्मी किंमत असते. ज्यांना त्यात बसायचं नाही त्यांना हा दिवस महाग पडतो, हे खरं. इंदूरकर बाईंनी गाडीत बसून बोटांवर मोजलं आणि “मला पाच खेळ पडले, तुला सहा” असं जाहीर केलं. उरलेल्या एकाचे पैसे बोरिवलीकर बाईंकडे बाकी निघतात, असं तेव्हापासून दोघींच्या हिशेबात लिहिलेलं आहे.

परतीच्या वाटेवर डबा उघडला. चालकानं लाडू आणि शेव, दोन्हीला हात लावला नव्हता. अंधार पडल्यावर पनवेलच्या अलीकडे गाडी वाहतुकीत अडकली, तेव्हा इंदूरकर बाईंनी पर्समधून गोळीची पट्टी काढली. मैत्रिणीनं ती त्यांच्या हातातून घेतली, दिव्याखाली धरून नाव वाचलं आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. मग पाण्याची बाटली उघडून पुढे केली.