खाटेला खिळा मारू नये

माझे स्पष्ट मत आहे की हलणाऱ्या लाकडी खाटेला खिळा मारू नये. हे वाचून काही पालक हसतील. आमचे बाबासुद्धा हसले होते.

आमच्या घरी सागाची मोठी खाट आहे. आजोबांनी ती अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठी असताना केली. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातील ३३ गावे सापडली, त्यांत आमचेही होते. तळोदा तालुक्यातल्या वसाहतीत येताना घराचे खांब, वासे आणि ही खाट सुटी करून आणली. खाटेत एकही खिळा नव्हता, म्हणून तर ती सुटी झाली! आडव्या गात्याच्या टोकाला कुसू असते, ते पायाच्या भोकात बसते. वरून सुंभ ताणून विणला की सांधे आपोआप घट्ट राहतात.

पण आपल्याकडे उन्हाळा कडक. लाकूड पावसाळ्यात जाडीला फुगते आणि वैशाखात आकसते. लांबीला मात्र फारसा फरक पडत नाही. मग कुसू सैल होऊन खाट करकरते. बाबा सांध्यावर पाणी ओतायचे. चार दिवस खाट गप्प, नंतर पहिल्यापेक्षा जास्त करकर. कारण फुगलेले कुसू भोकात दाबले जाते आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होते. शेवटी बाबांनी दोन खिळे मारले, आणि पायाला वरपासून चीर गेली. लाकूड हलते, खिळा हलत नाही, मग फाटणार कोण?

त्यातच घरकुलाची नवी खोली झाली. खाट तीत ९ इंच लांब पडू लागली. बाबा म्हणाले, सरपणाला घालू, लोखंडी पलंग आणू. आजी दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

मग मिस्त्रीकाका आले. मी सबंध रविवार त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी आधी सुंभ सोडला, प्रत्येक सांध्यावर खूण केली, मग मोगरीने ठोकून खाट सुटी केली. सैल कुसवांना दोन्ही बाजूंनी सागाच्या पातळ पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवल्या. पट्टीचे रेषे कुसवाच्या रेषांच्याच दिशेने ठेवले. दुसऱ्या दिवशी रंधून बेताचे केले. पायात मात्र फेव्हिकॉल घातला नाही. विचारले तर म्हणाले, "परत सुटी करावी लागली तर?"

लांब गाती कमी करताना मी म्हटले, नवी खूण केली आहे तिथेच कापा की. ते म्हणाले, "मग कुसू कशाचं काढू, तुझ्या बोटाचं?" आतले माप त्या खुणेपर्यंत धरायचे आणि कुसवाचे ३ इंच सोडून पुढे करवत लावायची. चिरलेल्या पायाला चिकटवून दोरीने आवळून ठेवले. कापलेल्या तुकड्यांच्या पाचरी केल्या. सगळे मिळून पलंगापेक्षा पुष्कळ स्वस्तात झाले. आजी आता पुन्हा खाटेवर झोपते.

आमच्या वर्गातले टेबलही हलते. त्याला आम्हीच मागच्या वर्षी चार खिळे ठोकले आहेत, आणि ते अजून हलते. मिस्त्रीकाका शनिवारी सकाळी येतो म्हणाले आहेत. ज्यांच्या घरी मोगरी किंवा पटाशी असेल त्यांनी वडिलांना विचारून आणावी. खिळे कोणीही आणू नयेत.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी