अदृश्य तंतू आणि आपले कर्तव्य

ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापताना उडणारे, नेत्रांस अगोचर असे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत शिरून तेथेच रुतून बसतात आणि २० ते ४० वर्षांनी दुर्धर श्वसनविकाराच्या वा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि दाद मागावी तर पुरावा हाती उरत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगारांच्या आरोग्याचे दफ्तर किमान ४० वर्षे जतन करण्याचा हुकूम दिला. परंतु ज्या द्रव्याचे सर्व प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगकारक मानले आहेत, त्याची आयात चालू ठेवून केवळ दफ्तरे सांभाळणे हा न्याय नव्हे. सरकारने या आयातीस तातडीने मनाई करावी, आणि जुने पत्रे उतरविणाऱ्या मजुरांस संरक्षण व वैद्यकीय तपासणी हक्काने मिळावी.